जठराच्या गाठीचा ब्लॉक दुसऱ्यांदा तपासून घेताना: नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका पॅथॉलॉजी सेवेचा अनुभव

निफाडच्या आमच्या मामांचे जठर कर्करोगामुळे काढावे लागले आणि शस्त्रक्रियेनंतर जेमतेम पाऊण पानाचा रिपोर्ट हाती आला. गाठ जठराचा स्नायूथर ओलांडून बाहेर गेली आहे, तपासलेल्या 11 लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) स्वच्छ आहेत आणि गाठीत लसिकापेशींची, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, दाट गर्दी असल्याने एपस्टाइन-बार विषाणूची चाचणी करावी, एवढेच त्यात होते. मामेभावाने घाईने मामांच्या रक्ताची तपासणी करून घेतली. ती पॉझिटिव्ह आल्यावर मामींनी त्यांचे ताट-वाटी वेगळे काढले. त्या गोंधळात गंगापूर रोडवरील एका प्रयोगशाळेत स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे मेणात बसवून जपलेले ठोकळे) फेरतपासणीसाठी दिले.

तेथील डॉक्टरीणबाईंनी आधी ताट-वाटीचा प्रश्न मिटवला. "काकू, हा विषाणू दहातल्या नऊहून अधिक मोठ्या माणसांच्या अंगात असतो, तुमच्या आणि माझ्याही असेल; बहुतेकांना तो लहानपणीच लाळेतून येतो," असे त्या म्हणाल्या. जठराच्या काही गाठींच्या पेशींत हा विषाणू असतो, पण रक्तातल्या प्रतिपिंडांवरून गाठ विषाणूची आहे की नाही हे ठरत नाही. त्यासाठी गाठीच्या पेशींतच विषाणूचा आरएनए शोधणारी 'ईबर' चाचणी ब्लॉकवर करावी लागते. रिपोर्ट तयार झाल्यावर त्यांनी दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकावर मला स्लाइड दाखवली. कर्करोगाच्या पेशींची केंद्रके गडद तपकिरी झाली होती आणि भोवतालच्या लसिकापेशी मात्र फिकट निळ्याच राहिल्या होत्या. पाऊण पानाच्या रिपोर्टमधून जे कळले नव्हते, ते त्या दोन मिनिटांत कळले.

मात्र या सेवेची खरी किंमत मला अन्यत्र जाणवली. जठराच्या कर्करोगात आजाराचा टप्पा (स्टेज) भरवशाने ठरवायचा तर किमान 16 लसिकाग्रंथी तपासलेल्या असाव्यात, असा संकेत आहे. मामांच्या 11 वर डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवले आणि पहिल्या प्रयोगशाळेला फोन करून फॉर्मॅलिनमध्ये राखून ठेवलेला चरबीचा भाग पुन्हा चिरायला लावला. त्यात आणखी 8 ग्रंथी सापडल्या आणि त्यांपैकी एकीत कर्करोग होता. टप्पा दोन-अ वरून दोन-ब झाला. आम्हाला ही बातमी अर्थातच कडू लागली, पण उपचार ज्या कागदावरून ठरणार तो कागद खरा असणे अधिक गरजेचे होते.

मामेभाऊ मोबाइलवर वाचून आला होता की विषाणूची गाठ म्हणजे आयुष्य जास्त. डॉक्टरीणबाईंनी ते खोडून काढले नाही, पण त्याला त्याच्या जागी बसवले. 13 अभ्यासांतील 4,599 रुग्णांची माहिती एकत्र करून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात विषाणू असलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 8.5 वर्षे आणि नसलेल्यांचे 5.3 वर्षे आढळले होते. या गाठींमध्ये ग्रंथींपर्यंतचा प्रसार तुलनेने कमी असतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती गाठीत शिरून झुंजत असते. ज्यांच्या गाठीत लसिकापेशींची गर्दी दाट, त्यांचे निकाल या गटातही अधिक चांगले दिसतात. तरीही गाठ किती खोल गेली, किती ग्रंथींत पोहोचली, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का आणि रुग्णाचे वय व प्रकृती कशी आहे, यांचा विचार आधी आणि विषाणूचा नंतर, असा क्रम त्यांनी कागदावर लिहून दिला. कोरियातील 2018 च्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या इंजेक्शनने अशा सहाच्या सहा रुग्णांच्या गाठी आटोक्यात आल्याचे मामेभावाने सांगताच, ते रुग्ण केवळ सहा होते आणि त्यांचा आजार शरीरभर पसरलेला होता, याची त्यांनी आठवण करून दिली. इंजेक्शनचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांनी घ्यावा, असे म्हणून त्या थांबल्या. हेही मला आवडले.

तक्रारी आहेत. पाच दिवसांचा वायदा होता आणि रिपोर्ट नवव्या दिवशी मिळाला, कारण ईबर चाचणी मुंबईला पाठवली जाते आणि हे काउंटरवर कोणी सांगितले नव्हते. केमोची तारीख ठरवायची असताना त्या चार दिवसांत मामींनी जेवण सोडले होते. रिपोर्ट केवळ इंग्रजीत मिळतो. ज्या समजावणीसाठी मी या सेवेची शिफारस करतो आहे ती तोंडीच असते, आणि डॉक्टरीणबाई नसतील त्या दिवशी जाणाऱ्याला ती मिळेल असे वाटत नाही. फी मात्र आधी सांगितली तेवढीच घेतली.

ब्लॉक द्यायला जाताना शस्त्रक्रियेचा मूळ रिपोर्ट आणि ब्लॉकवरील क्रमांक जुळतात का, हे घरीच पाहून घ्यावे. आमच्या एका ब्लॉकवर शेवटचा आकडा पुसट झाला होता आणि तेवढ्यासाठी मला नाशिकमधल्याच मुंबई नाक्यापर्यंत परत जाऊन सही-शिक्क्याचे पत्र आणावे लागले.