गन ‘नवी’, आतलं पीयू जुनं

चौदाशे रुपयांना फसलो. रक्कम फार नाही, पण घरच्या घरी लाकडाला फिनिशिंग करणारे बरेच जण हीच छोटी स्प्रे गन घेतात, वर कप, ०.८ मिमीचं नोझल, म्हणून लिहितोय.

दुकानदाराने कंप्रेसरला जोडून दाखवली. नुसती हवा. फुस्स आवाज झकास आला, मी खूश. वर म्हणाला, “बिल हवं असेल तर १८ टक्के वाढतील, साहेब. एवढ्याशा वस्तूला कशाला?” मी मान डोलावली. गाढवपणा तो तिथेच झाला.

घरी आईच्या सागवानी चौरंगावर सँडिंग सीलरचा, म्हणजे पॉलिशखालच्या अस्तराचा, पहिला हात सुरू केला. (आधी पुठ्ठ्यावर मारून बघायचं असतं. नाही बघितलं.) गन थुंकायला लागली, कपात बुडबुडे, आणि लांबट पट्टा पडायच्या जागी चंद्रकोर. एअर कॅप (नोझलभोवतीचं हवेचं टोपण) अर्धा फेरा फिरवली, तरी कोर त्याच बाजूला. घाण कॅपमध्ये असती तर कोरही उलटली असती. म्हणजे दुखणं नोझलमध्येच.

कप रिकामा केला, दोनदा थिनर मारला, आधी निडल (नोझलचं भोक उघडबंद करणारी सुई) मागून ओढून काढली, मग नोझल सोडवलं. बघतो तर नोझलच्या षटकोनाचे कोपरे पान्याने झिजलेले! आणि आत, निडल जिथे टेकते तिथे, पिवळट काचेसारखी कडा. फक्त नोझल वाटीभर थिनरमध्ये रात्रभर ठेवलं. अख्खी गन बुडवली तर वॉशर फुगतात. सकाळी माझा सीलर पार विरघळलेला, कडा मात्र नखाला दाद देईना. माझा सीलर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा; तो कितीही वाळला तरी थिनरमध्ये सुटतो. हार्डनर घातलेलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, एकदा कडक झालं की सुटत नाही. आणि माझ्याकडे पीयूचा डबा आजवर आलेलाच नाही. कोणीतरी वापरून, न धुता टाकलेली गन बाहेरून चकाचक करून नव्या खोक्यात घातली होती.

दुकानदार आधी म्हणाला, “तुम्हीच धुतली नसेल.” पीयूचं सांगितल्यावर सूर बदलला, “पण आमच्याकडूनच घेतली कशावरून?” बोलणार काय, बिलच नव्हतं.

दुसरी गन दुसरीकडून घेतली, बिलासकट. काउंटरवरच एअर कॅप आणि नोझल उघडायला लावलं, नोझल उजेडाकडे धरून भोक गोल आहे का पाहिलं, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, कप नाकाशी धरला. थिनरचा वास आला असता तर तशीच परत ठेवली असती. पोऱ्याने तोंड वाकडं केलं, करू दे. थोडं पातळ केलेलं सीलर बाटलीतून सोबत नेलं होतं, तेही पुठ्ठ्यावर मारून बघितलं.

चौरंगावर उडालेले थेंब अजून घासतोय. २२० नंबरचा कागद. एक पाय झाला, तीन राहिलेत.