14 आकडी नंबर आणि माझे 2,900 रुपये

सांगलीत विश्रामबागेला माझी छोटी खानावळ आहे. रोज चाळीसेक डबे जातात, बहुतेक कॉलेजच्या पोरांचे. श्रावणात एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, तोंडात सारखं "ताई". म्हणाला, तपासणी सुरू झालीय, ओटा-विळी-पोळपाटाला फूड ग्रेड सॅनिटायझर नसेल तर दंड होतो.

मी टाळतेय म्हटल्यावर त्यानं खेळ दाखवला. ग्लासभर पाण्यात तपकिरी औषधाचे थेंब टाकले. "हे जंतू." मग खिशातल्या बाटलीतलं काहीतरी ओतलं, पाणी झटक्यात नितळ. "मेले बघा सगळे." हसू नका. भाजी करपत होती, पोळ्यांच्या मावशी आल्या नव्हत्या, आणि कॅनवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, शिक्का नि 14 आकडी नंबर होता. 5 लिटरचे दोन कॅन घेतले, पैसे यूपीआयनं दिले.

लेबलवर 'क्लोरीनयुक्त' छापलेलं, पण वास कसलाच नाही. 2019 च्या महापुरानंतर घर धुताना टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, वास नाकात बसलाय, तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. पंधरा दिवसांनी भाजी चिरायच्या फळीला आंबूस वास यायला लागला. शेजारचे आण्णा ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याला होते. त्यांनी कॅनमधलं औषध पाण्यात घालून त्यात ओटी टेस्टचे, म्हणजे क्लोरीन तपासायचे, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, जास्त असेल तर केशरी. आमचं पाणी जसंच्या तसं.

बीएस्सी करणाऱ्या लेकीनं त्या खेळाचीही वाट लावली. बेटाडिनचे दोन थेंब पाण्यात टाकले, वर लिंबू पिळलं. तेही नितळ झालं. रंग आयोडीनचा, तो क जीवनसत्त्वानंसुद्धा जातो. जंतूंचा काही संबंध नाही.

आणि तो नंबर! बघता बघता नजर माझ्याच भिंतीवर गेली. फ्रेम केलेल्या माझ्या रजिस्ट्रेशनवरही 14 आकडेच आहेत. हा नंबर खाण्याचे पदार्थ करणाऱ्याला, विकणाऱ्याला मिळतो, फडक्यानं पुसायच्या औषधाला नाही. एफएसएसएआयच्या फॉसकॉस साइटवर टाकला तर एका पापड-लोणच्याच्या धंद्याचा निघाला. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल.

त्या कॅनवाल्याचा फोन बंद. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला असता तर पैसे अडवता आले असते कदाचित, मी पंधरा दिवस झोपले. 1915 वर ग्राहक तक्रार नोंदवलीय.

आता साधं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) आणते. कॅनवर टक्केवारी, तारीख आणि करणाऱ्याचा पत्ता नसेल तर परत करते. (त्या कॅनवर टक्केवारीच्या जागी '100 टक्के शुद्ध' होतं!) 5 टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात 4 मिली, म्हणजे 200 पीपीएम (दहा लाख भागांत 200 भाग). त्याहून जास्त नको, कारण नंतर धुवायचं नसतं. आधी साबणानं घासायचं, तेलकट-पिठूळ राहिलं तर क्लोरीन त्यातच संपतो. मग शिंपडून दोन मिनिटं ठेवायचं आणि वाऱ्यावर सुकू द्यायचं, फडकं मारायचं नाही. पाणी रोज ताजं. संडासच्या ॲसिडजवळ तर न्यायचंच नाही, विषारी वायू होतो.

उरलेला कॅन पुरावा म्हणून जिन्याखाली ठेवलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला.