स्विव्हल नाईफ, नऊ महिन्यांनंतर: पाणी लागलं म्हणून वॉरंटी गेली

विक्रेत्यानं वॉरंटी नाकारल्याचं कारण लेखी दिलंय. ‘उत्पादनाचा पाण्याशी संपर्क आला आहे.’ अहो, हा चामड्यावर नक्षी कोरायचा चाकू आहे. चामडं ओलं केल्याशिवाय त्यावर कोरताच येत नाही. उद्या छत्री विकाल आणि म्हणाल, पावसात नेलीत, आता परत घेणार नाही!

जानेवारीत १,८५० रुपयांना घेतला. ३/८ इंची सरळ पातं, स्टीलचं कांडं, वर तर्जनी टेकवायचं खोगीर आणि खोगिरात बेअरिंग. तर्जनी खोगिरावर दाबायची आणि बाकीच्या बोटांनी कांडं फिरवायचं, की खालचं पातं वळतं आणि रेघ वळणदार जाते. ‘खोगीर’ हा शब्द मात्र माझा. ही नक्षी अमेरिकेत पश्चिमेकडच्या खोगीर बनवणाऱ्यांच्या हातात वाढली, म्हणून मला तो चपखल वाटतो.

पहिल्याच दिवशी मी एक खूळ डोक्यात घेतलं. कांडं उभं धरायचं, खोगिराला टिचकी मारायची आणि ते किती वेळ फिरतं ते मोबाईलवर मोजायचं. नवीन असताना ९ सेकंद भरले. मी वहीत लिहून ठेवलं. दर रविवारी मोजायला लागलो. बायको म्हणाली, भोवरा घेतला असतास तर २० रुपयांत भागलं असतं.

पहिले दोन महिने रेघा भयाण आल्या. मी लहान कामं करतो, कीचेनवर दोन इंची कोयरी, तिच्यात चार-पाच मिलिमीटरच्या पाकळ्या. पाकळीच्या टोकाशी चाकू अडखळायचा, वळणावर चामडं फाटल्यासारखं दिसायचं, कडेला पिसं निघायची. मी सगळा दोष बेअरिंगवर टाकला. फिरतं पण अडकून फिरतं, असं माझं ठाम मत. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘प्रॉडक्ट नॉर्मल आहे.’ परत करायची सात दिवसांची मुदत तोवर संपलेली होतीच.

शेवटी कोल्हापुरातल्या सुभाषनगरात एका चप्पल करणाऱ्या मामांकडे गेलो. चामड्याचे तुकडे त्यांच्याकडूनच घेतो. त्यांनी माझा चाकू बघून आधी हसून घेतलं, मग पातं अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवलं. ते सरळ घसरलं. “ह्याला धार न्हाई की ओ. खोगीर कशाला बडवताय?” मग स्वतःची रापी (चामडं कापायची सुरी) त्याच नखावर ठेवली, ती जागीच रुतली. बाजूला कारागीर पोरगं चपलेचे कान कापत बसलेलं, तेही हसलं.

तर इथे माझं पहिलं मत बदलतो. कंपनीतून आलेलं पातं बऱ्याचदा नीट धार लावलेलं नसतं, नुसतं घासून आकार दिलेलं असतं. जुन्या सलूनमध्ये न्हावी वस्तरा ज्या पट्ट्यावर ओढायचा, तसला पट्टा घरीच केला: चामड्याची उरलेली पट्टी लाकडी फळीवर चिकटवली आणि स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडून हिरव्या पॉलिशच्या वडीचा अर्धा तुकडा आणला. पट्ट्यावर वडी चोळायची आणि पातं मागे मागे ओढायचं. पुढे ढकललंत तर पट्टाच कापला जातो, मी एक घालवला. पट्टा काळा पडत जातो, पात्यात आपलं नाक दिसायला लागतं. त्यानंतरची पहिली रेघ लोण्यात सुरी फिरवावी तशी गेली. आता दर दहा-पंधरा मिनिटांनी चार हात मारतो. म्हणजे दोन महिने मी बेअरिंगला शिव्या घातल्या त्या फुकट.

पण सगळा दोष पात्याचाही नव्हता. मामांकडचं चामडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. तळव्याला ते उत्तम. पण त्याचा दाणा जाड, त्यात चार मिलिमीटरची पाकळी कोरणं म्हणजे गोणपाटावर कशिदा. राज्यात गाईंच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होतीच, २०१५च्या कायद्याने बैलांच्याही कत्तलीवर आली, त्यामुळे बारीक दाण्याचं गाईचं कातडं इथल्या इथे मिळणं अवघड झालंय. मी चेन्नईहून तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं मागवतो. महाग पडतं, म्हणून कीचेनवरच भागवतो. क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारात) कमावलेलं मऊ चामडं स्वस्त मिळतं, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यावर ठसा उमटतो आणि चहा पिऊन येईपर्यंत विरून जातो.

मग पाणी. चामडं ओलं करायचं म्हणजे भिजत घालायचं नाही, मुरवायचं. स्पंजने पाणी द्यायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी बाहेर काढलं की रंग जवळजवळ मूळचा झालेला असतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. त्या वेळी कोरायचं. फार ओलं असेल तर बेव्हलरचा (कोरलेल्या रेघेची एक कड ठोकून खाली दाबणाऱ्या अवजाराचा) ठसा लगदा होऊन बसतो. बरोबर मुरलं असेल तर ठशाखालचं चामडं आपोआप तपकिरी होतं आणि नक्षीला न रंगवताच छाया मिळते. पावसाळ्यात पिशवीत एका दिवसात बुरशी धरते, म्हणून मी पिशवी फ्रीजमध्ये ठेवायला लागलो. आईनं ती दह्याच्या भांड्याशेजारी पाहिली. तो संवाद इथे देत नाही. सध्या पिशवी ऑफिसातल्या फ्रीजमध्ये असते, बाहेर ‘औषध’ असं लिहून.

आता मूळ तक्रार. जुलैत कोल्हापूरचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. भिंतींना घाम, कपाटातल्या पट्ट्यांना बुरशी. एका रविवारी खोगिराला टिचकी मारली, अर्ध्या सेकंदात थांबलं. किर्र असा आवाज. बहिणीसाठी मोराचा तुकडा अर्धा झालेला होता, म्हटलं एवढा पुरा करू. ओला हात, ओलं चामडं, बेअरिंगमधून गंजाचं पाणी ओघळलं आणि मोराच्या मानेवर दोन थेंब पडले. पाच मिनिटांत काळे ठिक्कर. हिरड्या-बाभळीतला टॅनिन, म्हणजे चामडं कमावणारं तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की शाईच होते. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करायचे ती हीच. फरक एवढाच की मला ती मोराच्या मानेवर नको होती. पाण्यात पातळ केलेला लिंबाचा रस बोळ्याने लावला, डाग बराच फिका झाला. मोर आता थोडा खोकलेला दिसतो. बहिणीला सांगितलं, छटा आहे.

त्याच दिवशी विक्रेत्याला लिहिलं. एक वर्षाची वॉरंटी आहे, बेअरिंग स्टेनलेस असं पानावर छापलंय, मग गंजलं कसं? तीन आठवडे फोटो, व्हिडिओ, बिल, पुन्हा फोटो. शेवटी ते पाण्याचं वाक्य. मी विचारलं, मग हा चाकू कशावर वापरायचा? उत्तर: ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’ नवीन खोगीर हवं असेल तर ६५० अधिक कुरिअर.

६५० मी देणार नव्हतो, भले हाताने नुसतं पातं धरून कोरीन. खोगीर खोललं, एक बारीक स्क्रू काढला की सुटतं, आणि गंजलेलं बेअरिंग घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथल्या दुकानदाराने व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. बाहेरून ८ मिलिमीटर, आतून ३, जाडी ४. “सहाशे त्र्याण्णव नंबरचं बेअरिंग. मिळतंय की! साधं पाहिजे का स्टेनलेस?” स्टेनलेस ७० रुपये. कशाला लागतंय म्हणून विचारलं, मी चाकू आणि त्या चाकूने कोरलेली कीचेन दाखवली.  कीचेन त्याने पाहून ठेवूनच घेतली, म्हणजे विकतच घेतली म्हणा ना, ६० रुपयांना. माझी पहिली कमाई.

इथे दुसरं मत बदलतो. पात्यानंतर मला वाटलं होतं की बेअरिंगने काही फरक पडत नाही. पडतो, पण गोल नक्षीत. वायोमिंगमधल्या शेरीडन गावच्या डॉन किंगच्या नावाने जी शैली ओळखतात तिच्यात देठ वर्तुळात फिरतो, त्या वर्तुळात फूल, शेजारी पुन्हा वर्तुळ. त्यात कांडं बोटांत सतत वळत राहावं लागतं. जाम बेअरिंगने वर्तुळाचा बटाटा होतो. माझी कोयरी मात्र मुळात तीन वळणांची, ती जाम चाकूनेही निघाली असती.

सोबत आलेल्या सात ठशांबद्दल फार लिहावंसं नाही. नेहमीचेच सात: बेव्हलर, पेअर शेडर (पाकळीला खोलगट छाया देणारा), सीडर (बियांचे ठिपके उठवणारा), व्हेनर (पानाच्या शिरा काढणारा) वगैरे. पहिल्या आठवड्यात लोखंडी हातोड्याने ठोकले, डोकी चपटी झाली, दोघांचा क्रोम उडाला. तो माझा गाढवपणा, मोगरीनेच ठोका. बेव्हलरला प्रत्येक ठोक्याला केसभर पुढे सरकवा, नाहीतर शिडीसारख्या रेघा येतात. खाली मार्बलवाल्याकडची ग्रॅनाइटची तुटकी फरशी ठेवलीय, फुकट. आवाजावरून खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर आले. फरशीखाली जुनी योगा मॅट घातल्यावर एकदाच आले.

घ्यायचा असेल तर कांड्यासाठी घ्या, पकड खरंच चांगली आहे आणि हात दुखत नाही. पातं आल्या दिवशी पट्ट्यावर ओढा. बेअरिंग आधीच बदलून टाका, म्हणजे त्या माणसांशी बोलायची वेळ येणार नाही.

नवीन बेअरिंग शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून बसवलं. काल मोजलं, १४ सेकंद. वहीत लाल पेनाने लिहिलं. पण आता ते इतकं सैल फिरतं की पाकळीच्या टोकाशी खोगीर बोटाखालून सुटतं आणि रेघ भलतीकडे जाते. उद्या त्यात थोडं ग्रीस भरणार आहे, ७ सेकंदांपर्यंत खाली आणायला.