वॉशिंग मशीनचा सेन्सर ‘गेला’ सांगून आठ हजार उकळले

फ्रंट लोड वॉशिंग मशीन घरात असेल तर हे वाचून ठेवा. आमच्याकडे आलेल्या माणसाने ज्या पद्धतीने मीटर लावून ‘पुरावा’ दाखवला, तो बघून कोणालाही पटलं असतं.

मशीन वॉरंटीबाहेरचं. थंड पाण्यात व्यवस्थित चालायचं, पण ६० अंशांवर टॉवेल-चादरी लावल्या की मध्येच थांबून तापमानाचा एरर द्यायचं. इंटरनेटवर शोधल्यावर कंपनीच्या नावाचा आणि लोगोचा कस्टमर केअर नंबर सर्वात वर आला, त्यावर फोन केला. दुसऱ्याच दिवशी लोगोवाला टी-शर्ट घातलेला माणूस हजर. व्हिजिटचे ३५० आधीच घेतले.

त्याने मागचं झाकण काढलं, मीटर पिप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवला आणि हीटरच्या दोन टोकांना लावला. पिप! “हीटर ओके, मॅडम.” मग हीटरच्या मधोमध खोचलेल्या सेन्सरची पिन काढून तिथे लावला. आवाज नाही. पुन्हा लावला, माझ्याकडे बघत. “बघा, सेन्सर डेड. शॉर्ट झालाय. आणि हा शॉर्ट झाला की बोर्ड घेऊन जातो.” सेन्सर १,८००, बोर्ड ७,५००, घासाघीस करून दोन्हीचे मिळून ८,०००. बोर्ड काढून तो ‘वर्कशॉप’ला घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणून बसवला, क्विक वॉश लावून मशीन फिरवून दाखवलं आणि पैसे यूपीआयवर घेतले, तेही कुठल्याशा माणसाच्या वैयक्तिक नावावर. जुने पार्ट मागितले तर म्हणे, “ते कंपनीत जमा करावे लागतात.” बिल म्हणजे पॅडचा एक कागद, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर.

त्याने लावलेला क्विक वॉश थंड पाण्याचा होता, हीटर चालूच झाला नाही. म्हणजे ज्या कामासाठी बोलावलं होतं ते त्याने तपासलंच नाही. पुढच्या वेळी टॉवेल ६० वर टाकले आणि तोच एरर. फोन केला तर, “बोर्डची गॅरंटी आहे मॅडम, ही वायरिंगची तक्रार, तिचा वेगळा चार्ज.” नंतर फोन उचलणंच बंद.

माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तो आला, आधी प्लग काढला, आणि सगळी हकिगत ऐकून हसायलाच लागला. “मावशी, हा सेन्सर पिप वाजवतच नाही. वाजला असता तर तो खरंच शॉर्ट!” या मशीनमधला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. साध्या खोलीच्या तापमानाला त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजारो ओहम असतो, बऱ्याच मशीनमध्ये दहा-बारा हजार. मीटरची पिप वाजते ती साधारण तीस-पन्नास ओहमच्या खाली. दोन हजार वॅटच्या हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास, म्हणून तो वाजला. धडधाकट सेन्सर गप्प राहणारच. एकाला वाजवून दाखवायचं, दुसऱ्याला गप्प ठेवायचं, बघणारा आपोआप फसतो. वर ‘आवाज नाही म्हणून शॉर्ट’ हे वाक्यच उलटं. पण समोर उघडं मशीन असताना एवढा विचार कोण करतो?

मग भाच्याने मीटर २० किलोओहमवर ठेवला. सेन्सर बाहेर ओढला तर त्याच्या नळीवर पांढऱ्या क्षाराचा जुनाट थर, नखाने खरवडला तरी निघेना. हा म्हणे नवा सेन्सर! आकडा साडेदहाच्या आसपास. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याच्या पेल्यात नळी धरली आणि आकडा भराभर उतरत पाचाशी आला. पाणी तापलं की रोध उतरला पाहिजे, तसाच उतरत होता. सेन्सर ठणठणीत.

दोष वायरमध्ये होता. बोर्डाकडच्या टोकाला मीटर लावून वायर हलवली की आकडा जायचा, मीटरवर डावीकडे नुसता ‘१’ राहायचा, म्हणजे जोडणी तुटलेली, मग आकडा परत यायचा. टबाच्या हादऱ्यांनी ती वायर पत्र्याच्या कडेला घासून आतून तुटली होती, वरचं प्लास्टिक मात्र जवळपास शाबूत. सोल्डर, स्लीव्ह आणि एक टाय, काम संपलं.

राहिला बोर्ड. पहिल्या दिवशी झाकण उघडल्यावर मी सहज फोटो काढला होता. त्यातला बारकोडचा नंबर आणि स्टिकरचा फाटलेला कोपरा, दोन्ही ‘नव्या’ बोर्डावर जसेच्या तसे.

तुमच्याकडे कोणी असं सांगितलं तर मीटर ओहमवर ठेवायला लावा आणि सेन्सर गरम पाण्यात धरून दाखव म्हणा. बोर्ड घराबाहेर जाण्याआधी त्याच्या नंबराचा फोटो काढा. काम झाल्यावर गरम पाण्याचाच प्रोग्रॅम लावून, पाणी तापेपर्यंत त्याला थांबवून घ्या. कस्टमर केअरचा नंबर मशीनच्या पुस्तिकेतून किंवा वॉरंटी कार्डवरून घ्या. मी नंतर पुस्तिकेतल्या नंबरवर विचारलं, तर असा कोणी माणूस त्यांनी पाठवलाच नव्हता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर फसवणुकीची १९३०, दोन्हीकडे तक्रार दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तोच मोबाइल नंबर आता इंटरनेटवर दुसऱ्याच एका कंपनीच्या फ्रिज दुरुस्तीच्या नावाखाली झळकतो आहे.