402 शेवेल आणि 750 डबल पंपर: सात महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, कारण निम्मे जण तेवढ्यासाठीच वाचतात. गाडी 1970 ची शेवेल एसएस 396. कंपनीच्या क्वाड्राजेट कार्बोरेटरवर पाव मैलाला 13.94 सेकंद, शेवटचा वेग ताशी 99 मैल. आता होली कंपनीच्या 750 डबल पंपर कार्बोरेटरवर 13.46 सेकंद आणि 102 मैल. म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद कमी झाला. पण त्या अर्ध्या सेकंदात नव्या कार्बचा वाटा माझ्या हिशेबाने एक तृतीयांश आहे, फार तर. बाकीचा कुठे अडकून पडला होता ते कळायला दोन महिने गेले, जेटवर (कार्बमधलं पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी स्क्रूंवर) बरेच डॉलर गेले आणि शेवटी उत्तर आलं ते सांगलीहून.

गाडीबद्दल थोडक्यात. बिल्ल्यावर 396 असलं तरी त्या वर्षीच्या या इंजिनाचं खरं माप 402 घन इंच आहे. शेवरोलेने बोअर जरा वाढवला आणि नाव तसंच ठेवलं. कागदावर 350 अश्वशक्ती, तीन गिअरचं ऑटोमॅटिक. हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाइप), 3.73 चा मागचा गिअर आणि जास्त स्टॉलचा, म्हणजे सुटताना इंजिनाला जास्त आरपीएमपर्यंत चढू देणारा कन्व्हर्टर आधीच्या मालकाने बसवलेले होते. मी राहतो डेट्रॉईटच्या पश्चिमेला आणि पळवतो ओहायोतल्या नॉरवॉकच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतपट्टीवर. मिशिगनमध्ये गाड्यांची धूरतपासणी नसते, त्यामुळे जुन्या गाडीवर असले प्रयोग करायला कुणी अडवत नाही. घरचे सोडून.

क्वाड्राजेटला इथे लाडाने 'क्वाड्राजंक' म्हणतात. ते नाव मला पटत नाही. पुढची दोन भोकं लहान, मागची दोन हंड्याएवढी. रोजच्या चालवण्यात पेट्रोल कमी पितो आणि पाय दाबला की मागची दारं उघडून भरपूर हवा घेतो. कल्पना एक नंबर. पण त्याच्या सेकंडरीवरची, म्हणजे मागच्या दोन भोकांवरची झडप हवेच्या ओढीवर उघडते, आणि पुरेसे सुटे भाग हाताशी ठेवून रांगेत उभ्या उभ्या सेटिंग बदलायचं झालं तर होलीचं घराणं बरं. चार स्क्रू काढले की बोल (कार्बमधलं पेट्रोलचं भांडं) हातात, समोर जेट. डबल पंपरमध्ये सेकंडरी थेट पायाला बांधलेली असते आणि पुढे-मागे दोन्हीकडे स्वतंत्र ॲक्सिलरेटर पंप असतो.

750 च का? हा आकडा म्हणजे कार्बमधून मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ शकते तो. हिशेब सोपा आहे. घन इंच गुणिले आरपीएम, भागिले 3456. 402 गुणिले 6500 केलं की उत्तर 756 येतं, तेही इंजिन शंभर टक्के भरतंय असं धरून. माझं इंजिन तेवढं भरत नाही. तरी 850 घ्यावा असा मोह झालाच होता. तो नाही घेतला हे या वर्षातल्या माझ्या मोजक्या शहाणपणांपैकी एक.

मार्चच्या शेवटी बसवलं. होलीची चारही भोकं सारखी, त्यामुळे मूळचं बिडाचं इनटेक मॅनिफोल्ड (कार्बमधलं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) काढून ॲल्युमिनियमचं ड्युअल प्लेन टाकावं लागलं. बिडाचं ते धूड एकट्याने उचलायचा हट्ट केला आणि आठवडाभर कंबर धरून बसलो. मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या कडांना पाकिटातल्या रबरी पट्ट्या न लावता सिलिकॉनची जाड रेघ ओढली. तिथून अजून तेलाचा थेंब गळलेला नाही.

मे महिन्यात पहिल्यांदा स्ट्रिपवर गेलो आणि तपासणीतच परत पाठवलं. थ्रॉटल बंद करणारी स्प्रिंग कार्बच्या लिव्हरलाच जोडलेली हवी असा नियम आहे. माझी होती मधल्या दांड्याला. चूक माझीच. पार्किंगमध्ये बसून कंस वाकवला, स्प्रिंग बदलली, पुन्हा रांगेत. शेवटी दिवे हिरवे झाले, पाय दाबला आणि गाडीने आवंढा गिळला. अक्षरशः. एक क्षण काहीच नाही, मग खोकल्यासारखा आवाज, मग ओढ. पावती हातात आली: 14.22. जुन्या कार्बपेक्षा हळू! पहिल्या साठ फुटांना 2.31 सेकंद, जिथे क्वाड्राजेट 2.08 घ्यायचा.

हा रोग तसा ओळखीचा. थ्रॉटल एकदम उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. ती फट भरायला पंपाची पिचकारी असते. माझ्या पंपाच्या लिव्हरमध्ये आयडलला चक्क ढिलाई होती, म्हणजे पाय थोडा खाली गेल्यावर पिचकारी सुरू व्हायची. ती ढिलाई काढली, पूर्ण थ्रॉटलला फीलर गेजने पंधरा थाऊची (इंचाच्या पंधरा हजारांशांची) फट पाहिली आणि पुढचा स्क्वर्टर, म्हणजे पिचकारीचं तोंड, 31 वरून 35 नंबरचा टाकला. तपासायची पद्धत अगदी गावठी आहे: इंजिन बंद, वरून टॉर्च, लिव्हर हलकेच हलवायचा. तो हलताक्षणी धार दिसली पाहिजे. दुरुस्तीनंतर साठ फूट दोन सेकंदांच्या आत आले आणि वेळ 13.78.

इथवर मी खूश होतो. खरी कटकट पुढे होती.

तिसरा गिअर पडला की हजार फुटांच्या आसपास गाडी दम सोडायची. मिसिंग नाही, फटाके नाहीत, फक्त मागून कुणीतरी धरल्यासारखं वाटायचं. एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बसवला होता. तो सुरुवातीला 12.7 दाखवायचा, म्हणजे अगदी हवा तसा, आणि शेवटी 14.5 कडे सरकायचा. मिश्रण पातळ होतंय, मग जेट वाढवा, असं मी ठरवलं. दोन नंबर वाढवले. फरक नाही. आणखी दोन वाढवले. आता मध्ये काळा धूर आणि शेवटी तीच रड. पॉवर व्हॉल्व्ह बदलला. फ्लोट वर घेतले. जूनमधले तीन शनिवार यात गेले. घरी येईपर्यंत अंगाला पेट्रोलचा असा वास यायचा की बायकोने माझे कपडे धुवायच्या मशीनजवळ न्यायलाही बंदी घातली.

सांगलीला आप्पांशी रविवारी बोलणं होतं. त्यांनी पंचवीस वर्षं चेतक चालवली, स्वतः उघडून साफ केली. सकाळी गाडी एका अंगाला कलती करून मग किक मारण्याचा त्यांचा सोहळा आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. त्यांना फोनवर जेटचा डबा दाखवला, पितळेचे बारीक बारीक, प्रत्येकावर नंबर. त्यांनी कौतुकाने पाहिला आणि विचारलं, "सुरुवातीला पळती आणि शेवटाला मरती, असंच ना?"

"हो, आप्पा."

"मग जेट कशाला उलटंपालटं करतोयस? टाकीतनं पेट्रोल येतंय का बघ की आधी. चेतकच्या नळाला कचरा आला की अशीच करायची. गावात ठीक, मिरजेच्या रस्त्याला लागलं की मेली."

मी मनात म्हटलं, आप्पा, हे बिग ब्लॉक आहे. आणि फोन ठेवल्यावर तासाभराने गॅरेजमध्ये जाऊन कागदावर आकडेमोड केली. पूर्ण ताकदीवर या इंजिनाला तासाला साधारण 31 गॅलन पेट्रोल लागतं. एका रनमध्ये होतं जेमतेम अर्धा लिटर. त्यातलं थोडं दोन्ही बोलमध्ये आधीच भरलेलं असतं. म्हणजे मागून पुरवठा कमी पडत असला तरी सुरुवात बोलमधल्या साठ्यावर निभावते, साठा संपला की उपासमार. चेतकच्या कार्बमध्येही हेच होतं, फक्त भांडं लहान.

आयडलला माझा प्रेशर गेज 6 पीएसआय दाखवायचा आणि त्यावर मी निर्धास्त होतो. आयडलला पेट्रोल लागतंच किती! गेज काचेच्या बाहेर, बॉनेटच्या मागच्या कडेला लावला (पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नसते) आणि आतून फोन चिकटवून रेकॉर्डिंग केलं. पहिल्या गिअरला 5.5. दुसऱ्याला 4. तिसऱ्यात सुई घसरत घसरत अडीचवर. तो व्हिडिओ बघून मी एकटाच हसलो.

टाकी उतरवली. आतल्या नळीच्या टोकाची जाळी म्हणजे चहाची गाळणी न धुता महिनाभर वापरावी तशी. पन्नास वर्षांचा गंज, तांबूस चिखल. जाळीसकट सेंडर (टाकीतल्या पेट्रोलची पातळी सांगणारा, ओढनळी असलेला भाग) नवा घातला, टाकी धुतली, पुढे जास्त क्षमतेचा मेकॅनिकल पंप आणि टाकीकडे परतीची लाइन टाकली. आता तिसऱ्या गिअरच्या शेवटीही प्रेशर 5.5 च्या खाली जात नाही. आणि गंमत म्हणजे वाढवलेले चारही नंबर जेट परत खाली आणावे लागले. सध्या गाडीत तेच जेट आहेत जे खोक्यातून निघाले होते.

जुलैच्या शेवटी 13.52, ऑगस्टमध्ये 13.46. त्या संध्याकाळी मी नॉरवॉकचं ते एका डॉलरला पौंडभर मिळणारं आइस्क्रीम एकट्याने संपवलं.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये मात्र निव्वळ वेगाला किंमत नाही. तुम्ही आधी काचेवर आपली वेळ लिहायची आणि तिच्या जवळात जवळ, पण तिच्याहून कमी नाही, अशी पळवायची. दुपारच्या दमट उकाड्यात गाडी 13.58 काढते आणि सूर्य उतरला, हवा गार नि घट्ट झाली की आपोआप लवकर पोचते. सप्टेंबरमध्ये दुपारचा अंदाज धरून 13.50 लिहिलं, रात्री 13.46 गेलो आणि जिंकलेली शर्यत ब्रेकआउटमध्ये, म्हणजे लिहिलेल्या वेळेच्या आत पोचून घालवली. आता वहीत तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवतो. एक मात्र आहे: हवा सारखी असेल तर चार रन तीन शतांशांच्या आत येतात. क्वाड्राजेटवर हे जमत नव्हतं.

रस्त्यावरचा अनुभव तेवढा गोड नाही. ॲव्हरेज गॅलनला बारावरून नऊ मैलांवर आलं. इथलं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं. उन्हात गाडी बंद करून वीस मिनिटांनी यावं तर बोलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं, मग पॅडल तळाला दाबून बराच वेळ स्टार्टर मारा. कार्बखाली उष्णता अडवणारा एक इंचाचा फेनॉलिक स्पेसर घातल्यावर निम्मा त्रास गेला. पण स्पेसरमुळे एअर क्लीनर बॉनेटला घासू लागला, म्हणून त्याचा खोलगट तळ घ्यावा लागला. ऑगस्टमधल्या वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेत सिग्नल ते सिग्नल रांगत जाताना तर प्लग काळे पडले.

ओळखीतले बरेच जण विचारतात, त्यापेक्षा कार्बच्या जागी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बॉडी इंजेक्शन का नाही बसवत? रोज चालवणार असाल तर तेच बसवा. मला रांगेत उभं राहून स्क्रूड्रायव्हर फिरवायचा होता. आणि तुमचा कन्व्हर्टर कंपनीचा, मागचा गिअर उंच (म्हणजे आकड्याने लहान) असेल तर डबल पंपर घेऊच नका. व्हॅक्यूम सेकंडरीचा कार्ब तुम्हाला जास्त सुखात ठेवेल. एकूण खर्च साडेचौदाशे डॉलर झाला. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग सगळ्यात स्वस्त होता, सेंडर आणि जाळी.

आता नोव्हेंबर आहे, रस्त्यांवर लवकरच मीठ पडेल, गाडी एप्रिलपर्यंत झाकलेली. जुना क्वाड्राजेट विकत घ्यायला गल्लीतले एक सत्तरीचे गृहस्थ दोनदा येऊन गेले. दिला नाही. ज्या 13.94 वरून मी त्याला काढला, ती वेळ त्याने त्याच तुंबलेल्या जाळीतून काढली होती. बिडाचं मॅनिफोल्डही तळघरात जपून ठेवलंय. एप्रिलमध्ये नव्या पंपावर एक दिवस त्याला पळवून बघायचंय. मॅनिफोल्ड उचलायला या वेळी बायको येणार आहे, तेवढं तिने लेखी घेतलंय.