आरसिंक: दुकानातल्या फायली घरच्या संगणकावर नेण्यासाठी

बेळगावच्या खडेबाजारातलं डीटीपीचं दुकान असो की निपाणी-खानापुरातलं, फायलींचं दुखणं एकच. लग्नसराईत एकेका पत्रिकेची मराठी प्रत, कन्नड प्रत, दोन्हींच्या तीन-चार दुरुस्त्या, वर फोटो. पेनड्राइव्हवर ओढून हे घरी नेत राहिलं की आठवड्याभरात ताजी प्रत कुठली हेच कळेनासं होतं. दुकानातून घरी, अशी एकाच दिशेची कॉपी हवी असेल तर आरसिंक (rsync) या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. फुकट आहे, लिनक्सवर सहज मिळतं. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, बसवावं लागतं.

१९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते आणलं. फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे जुळली तर आरसिंक तिला हातही लावत नाही. जुळली नाही आणि समोरचा संगणक नेटवर्कपलीकडे असेल, तर फाइलीचे तुकडे ताडून बदललेला भाग तेवढा पाठवतं. मोठ्या डेटाबेस फाइलीला याचा खूप फायदा होतो. जेपीजी, झिप किंवा आतून झिपच असलेल्या कोरलच्या नव्या फायलींना जवळजवळ नाही, कारण दाबलेल्या फाइलीत छोटा बदलही पुढचं सगळं बदलून टाकतो. त्याच संगणकाला जोडलेल्या हार्डडिस्कवर तर हे तंत्र वापरलंच जात नाही, बदललेली फाइल अख्खी लिहिली जाते.

पहिला हुकूम असा द्या (टाइप करताना अक्षरं रोमन):

आरसिंक -एव्हीएन /डेटा/पत्रिका/ घर:/बॅकअप/पत्रिका/

इथे 'घर' म्हणजे घरच्या संगणकाचं नाव किंवा पत्ता. 'ए'मुळे आतले फोल्डर, वेळा, परवानग्या जशाच्या तशा जातात, 'व्ही' यादी दाखवतं आणि 'एन' म्हणजे रंगीत तालीम: काय होईल ते दिसतं, होत काही नाही. यादी डोळ्यांखालून घाला, मग 'एन' काढून तोच हुकूम पुन्हा द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेवरून. रेघ असेल तर 'पत्रिका'च्या आतला माल जातो. नसेल तर 'पत्रिका' हा फोल्डरच जातो आणि पलीकडे 'पत्रिका'त आणखी एक 'पत्रिका' तयार होते. दुसऱ्या पत्त्याला रेघ असली-नसली तरी इथे फरक पडत नाही.

'--डिलीट' दिलं की दुकानात पुसलेली फाइल घरूनही पुसली जाते. खरा धोका इथे आहे. दुकानातली डेटाची डिस्क माउंट झालेली (म्हणजे संगणकाने जोडून घेतलेली) नसेल, तर तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो, आणि रिकाम्याची हुबेहूब नक्कल म्हणजे घरचा सगळा बॅकअप साफ. म्हणून '--मॅक्स-डिलीट=५०' सोबत द्याच; पन्नासच्या पुढे ते पुसत नाही. त्याहून चांगलं म्हणजे '--बॅकअप' आणि '--बॅकअप-डिर' लावून तारखेच्या वेगळ्या फोल्डरचा पत्ता देणं. पुसलेल्या आणि बदललेल्या जुन्या प्रती तिथे जाऊन पडतात, आणि गिऱ्हाइकाला परवाचीच प्रत हवी झाली तर ती सापडते.

आपल्याकडे देवनागरी आणि कन्नड नावांच्या फायली असतात. रात्री आपोआप चालणाऱ्या कामाच्या नोंदीत 'क'च्या जागी \#३४०\#२४४\#२२५ असं दिसलं तर घाबरू नका. फाइल शाबूत आहे, फक्त दाखवण्याची भाषा युनिकोडवर नाही. हुकमात '-८' जोडा. खरी अडचण लांब नावांची. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि आपलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर याहून लांब नाव चालतं, तेव्हा वधू-वरांची पूर्ण नावं घातलेली फाइल लिनक्सकडे जाताना अडते. श्रीलिपी आणि नुडीचे फॉन्ट असलेला फोल्डरही यादीत घ्या, नाहीतर घरी पत्रिका उघडेल पण अक्षर ओळखू येणार नाही.

पावसात खानापूरकडे लाइन मध्येच तुटते. त्यासाठी सगळे हुकमात 'मोठा पी' (-P) सुचवतात, पण त्यात अर्धी आलेली फाइल खऱ्या नावानेच पडून राहते आणि कोणीतरी ती उघडतो. '--पार्शल-डिर=.अर्धवट' वापरा, अर्धी फाइल बाजूला राहते आणि पुढच्या वेळी तिचाच उपयोग होतो. '--बीडब्ल्यूलिमिट=५००' म्हणजे सेकंदाला सुमारे ५०० केबी; १ जीबीला ३५ मिनिटं लागतील, पण दुकानातलं बाकीचं नेट चालू राहील. घरच्या ब्रॉडबँडला बाहेरून पोचता येणारा पत्ता बहुधा नसतो, म्हणून दोन्हीकडे टेलस्केलसारखं, दोन संगणक इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं काही बसवावं लागतं.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर 'ए'ऐवजी '-आरटीव्ही' द्या, नाहीतर परवानग्यांच्या तक्रारींनी पडदा भरतो. फॅट३२ असेल तर वेळ दोन सेकंदांच्या पायरीने नोंदवली जाते, त्यामुळे न बदललेल्या फायलीही दर वेळी नव्याने कॉपी होतात; '--मॉडिफाय-विंडो=१' दिलं की हे थांबतं.

दुकानात आणि घरी, दोन्हीकडे काम होत असेल तर मात्र आरसिंक नको. दोन्ही बाजूंनी बदललेली फाइल त्याला ओळखता येत नाही, कॉपी येते त्या बाजूची प्रत पलीकडची गिळून टाकते. तिथे युनिसन किंवा सिंकथिंग घ्या.