गस्तीवरील अधिकाऱ्यासाठी भारवाही गोळीरोधक जॅकेट : अभिप्राय

उपनगरातील पोलीस अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग गस्तीच्या गाडीत बसून जातो, आणि पिस्तूल, बेड्या, वायरलेस संच व टॉर्च यांचा सारा भार कमरपट्ट्यावरच राहिला, तर निवृत्तीच्या कितीतरी आधी कंबर आणि पाठ दुखू लागते. बेड्या, वायरलेस यांसारखे साहित्य खिशांत सामावून भार खांद्यांकडे वळवणारे हे जॅकेट मला म्हणूनच मनापासून मोलाचे वाटते.

आतील मऊ थर बहुधा केव्हलारसारख्या तंतूंचा असतो. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या या तंतूचे अनेक पदर गोळीची ऊर्जा पसरवून ती अडवतात. मात्र हे संरक्षण पिस्तुलाच्या गोळ्यांपुरते असते, रायफलीच्या गोळ्यांसाठी कठीण प्लेट्स वेगळ्या घालाव्या लागतात, आणि विक्रेत्याने हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

माप बसून घ्यावे. उभ्याने अचूक वाटणारे जॅकेट गाडीत बसताच गळ्याशी चढते, ही माझी मुख्य तक्रार आहे. उन्हाळ्यात घाम फार येतो. आतील थर यंत्रात धुऊ नये, सपाट ठेवावा आणि उत्पादकाची हमी, जी सामान्यतः ५ वर्षांची असते, संपताच बदलावा.